कार्डिफला आणलेला बंब

रविवार, ४ सप्टेंबर १९८८. सकाळी ११.००

आजपासून रोज लिहिणार. कमीत कमी एक पान. निश्चय पक्का.

अप्पांना येऊन तीन महिने झाले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच आलेत. परतीचं तिकीट १९ नोव्हेंबरचं आहे, पण ते वापरायची वेळ येणार नाही. क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसला पाठवायचा फॉर्म मी पूर्ण भरून ठेवलाय. वडील, वय ७४, विधुर, मुलाकडे कायमचे राहणार. फक्त अप्पांची सही बाकी. जुलैमध्ये समोर ठेवला तेव्हा म्हणाले, बघू. ऑगस्टमध्ये ठेवला तेव्हा म्हणाले, घाई काय आहे. नाही म्हणालेले नाहीत, हे महत्त्वाचं.

इथे त्यांना त्रास कसलाच नाही. चहा जागेवर, पेपर जागेवर, खोलीत स्वतंत्र हीटर. परवा स्वतःची कपबशी विसळायला उठले, ती मी हातातून काढून घेतली. अप्पा, आयुष्यभर केलंत, आता तुम्ही फक्त बसा. गवत कापायच्या मशीनकडे बघत होते म्हणून ते गॅरेजमध्ये कुलपात ठेवलं. मी चेस्ट फिजिशियन. माझ्या वडिलांनी माझ्या घरी धापा टाकायच्या म्हणजे काय.

तरी माणूस खुलत नाही. दिवसभर खिडकीत बसून असतात. डायग्नोसिस होत नव्हतं.

११.४०

झालं. आंघोळ.

आत्ता बाथरूममधून आले. मी विचारलं, पाणी गरम होतं ना. म्हणाले, होतं की. पण बंबाच्या पाण्याची गोष्ट वेगळी. तीन महिन्यांत पहिल्यांदाच स्वतःहून काही बोलले. पुण्याच्या घरी चाळीस वर्षं रोज पहाटे अप्पा बंब पेटवायचे आणि आम्ही सगळे ओळीने आंघोळी करायचो. त्या पाण्याला धुराचा एक बारीक वास असायचा. नंदाने, म्हणजे माझ्या बहिणीने, आता गीझर घेतलाय आणि बंब माळ्यावर टाकलाय.

ट्रीटमेंट ठरली. बंब इथे आणायचा. रीडिंग गावातला मित्र गिरीश गणपतीला पुण्याला चाललाय, त्याला सांगतो. कॉम्प्युटरवाला आहे, सामान कमी असतं.

सोमवार, २६ सप्टेंबर. रात्री ८.००

मध्ये लिहायला जमलं नाही. ऑन-कॉल होतो. निश्चय तसाच आहे.

काल रीडिंगला जाऊन बंब आणला. गिरीश दारात नीट बोलला नाही. हीथ्रोवर कस्टमवाल्याने त्याला बाजूला घेऊन हे काय आहे विचारलं. गिरीशने वॉटर हीटर सांगितलं. मग प्लग कुठे आहे म्हणून त्याने अर्धा तास शोधला. गिरीश म्हणाला की यापुढे मैत्री राहील, पण सामान आणणार नाही.

बंब मात्र झकास आहे. तांब्याचा, पोटात उभी नळी. नळीत विस्तव, भोवती पाणी, खाली राखेची जाळी, बाजूला तोटी. इतकं साधं यंत्र, बिघडायला काही नाहीच. बायकोने, सुलक्षणाने, विचारलं, तुम्ही स्वतः कधी पेटवलाय का. मी म्हटलं, अप्पांना हजारो वेळा पेटवताना पाहिलंय. वैद्यकशास्त्रात बघणं म्हणजे निम्मं शिकणं.

अप्पा बंबाभोवती एक फेरी मारून आले. नळीत हात घातला, जाळी हलवून पाहिली. मग विचारलं, लाकूड कुठलं. मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा. म्हणाले, बंबफोड मी करतो, एखादी कुऱ्हाड बघ. चौऱ्याहत्तराव्या वर्षी लाकडं फोडणार. मी हसून विषय बदलला.

योजना: नरकचतुर्दशी ८ नोव्हेंबरला, मंगळवारी. त्या पहाटे अप्पांना बंबाच्या पाण्याचं अभ्यंगस्नान. त्यानंतर फराळ. फराळानंतर सही.

शनिवार, १ ऑक्टोबर

लाकडाचा प्रश्न सुटला. हॉस्पिटलच्या कारपार्कमधलं एक मोठं झाड गुरुवारी पाडलं. हेड पोर्टरने डिकी भरून नेऊ दिलं. अगदी ताजं लाकूड. आतून पांढरंशुभ्र, हाताला ओलसर, वास सुद्धा हिरवा. मंडईत भाजी घेतो तसा एकेक ओंडका निवडला. मागच्या कुंपणाशी काही जुने, करडे, टोकाला तडकलेले तुकडे पडले होते. पोर्टर म्हणाला तेही न्या. मी म्हटलं, नको, शिळे आहेत.

अप्पांनी डिकीतला एक ओंडका हातावर तोलून पाहिला आणि म्हणाले, जड आहे. मी म्हटलं, हो, माल चांगला आहे.

रविवार, २ ऑक्टोबर

पहिली ट्रायल. जागा: वरची बाथरूम. पाणी आंघोळीच्या जागीच तापावं, उगाच बादल्या कोण वाहणार. कार्पेटवर जुने पेपर अंथरले. खिडकी उघडी.

७.००. पेटवला. पेपर जळला.

७.२५. फायरलायटरचं अख्खं पाकीट. तेही जळलं.

७.५०. ओंडक्यांच्या टोकांतून फेस येतोय आणि चुरचुर आवाज. धूर नळीच्या वरून येतोय, खालून येतोय, आणि मला शंका आहे की बाजूनेही येतोय. रंग पांढरा, किंचित पिवळट.

८.१५. शिल्पाने दार वाजवलं. धूर माझ्या रूममध्ये आली, म्हणाली. मी आतून सांगितलं, धूर आला. ती म्हणाली, डॅडी, whatever, माझा ब्लेझर स्मेल करतोय. मुलीला तेरावं लागलं पण लिंगाचा घोळ काही सुटत नाही. दर रविवारी तिला मराठी शिकवायचं. निश्चय.

८.४०. क्लिनिकचा थर्मामीटर घालून पाहिला. सुरुवातीला पाणी १४ अंश. आता १९.

छताला बंबाच्या बरोबर वर एक काळं वर्तुळ उमटलंय. सुलक्षणाने स्पंज आणून माझ्या हातात दिला. अप्पांनी नळाच्या पाण्याने आंघोळ केली आणि पाणी चांगलं होतं असं मुद्दाम सांगितलं.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

लायब्ररीतून पुस्तक आणलं. डोळे उघडले. लाकूड मुळात जळतच नाही. तापलं की त्यातून वायू बाहेर पडतात, आणि जळतात ते वायू. पुरेशी आच आणि पुरेशी हवा मिळाली तर सगळे जळून जातात, मागे काही दिसत नाही. आच कमी पडली तर न जळताच वर निघून थंड होतात, डांबराचे आणि पाण्याचे बारीक थेंब होतात. तोच धूर. आणि ज्वाला पूर्ण जळायच्या आत कुठे गार पडली की तिच्यातला कार्बन तसाच उरतो. ती काजळी. माझ्या बंबात ज्वालेला चारी बाजूंनी गार तांबं, त्यामागे वेल्सचं गार पाणी. शिवाय ताज्या लाकडात निम्मं पाणीच असतं. म्हणजे माझा विस्तव रविवारी बंबातलं पाणी तापवत नव्हता, ओंडक्यांतलं तापवत होता.

जेवताना अप्पांना हे सगळं अर्धा तास समजावून सांगितलं. पेपर नॅपकिनवर आकृती काढली. अप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, हो, ओलं होतं लाकूड. मी म्हटलं, अप्पा, ते इतकं सोपं नाही.

पुस्तक म्हणतं लाकूड वर्षभर, शक्य तर दोन वर्षं वाळवा. माझ्याकडे पाच आठवडे आहेत. हरकत नाही. रिकव्हरी लवकर करून घेणं हा तर माझा व्यवसाय.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

एअरिंग कपाटातले, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटातले, टॉवेल एका बाजूला सारून सोळा ओंडके लावले. उबदार, कोरडं, हवा खेळती. ही कल्पना इंग्रज माणसाला सुचली नसती.

बुधवार, १२ ऑक्टोबर

टॉवेलांमध्ये किडे झाले. ओंडक्यांच्या सालीत होते, उबेने बाहेर आले. सुलक्षणाच्या अंगावर दोन चढले. ती म्हणाली की एक तर लाकडं बाहेर, नाही तर. पुढचं वाक्य तिने पूर्ण केलं नाही. लाकडं बाहेर.

शनिवार, १५ ऑक्टोबर

आज ओव्हन. सर्वांत कमी आचेवर चार तुकडे. सुलक्षणा दुकानात गेली होती. मी वेळ लावून ठेवली, पण हॉस्पिटलचा फोन आला आणि तो लांबला. तीन तासांनी किचनमध्ये समोरची भिंत दिसेना. विशेष म्हणजे ज्वाला कुठेच नव्हती, नुसता धूर. म्हणजे पुस्तकातलं तंतोतंत खरं आहे. समाधान वाटलं.

धूर बघून शेजारचे मिस्टर प्रिचर्ड धावत आले. रिटायर्ड आहेत. वाफेच्या इंजिनावर फायरमन होते, तीस वर्षं भट्टीत कोळसा मारला. खिडक्या उघडून झाल्यावर म्हणाले, आमच्या वेळी धुराड्यातून काळा धूर दिसला की फोरमन विचारायचा, कोळसा जाळतोयस की उडवतोयस. मी म्हटलं, लाकडाचं शास्त्र वेगळं असतं.

नंतर ते आणि अप्पा कुंपणाशी तासभर बोलत उभे होते. अप्पा हातवारे करत होते. कशाबद्दल ते कळलं नाही. वारा गार होता म्हणून मी अप्पांना आत बोलावलं.

रविवार, २३ ऑक्टोबर

दुसरी ट्रायल. जागा: गॅरेज, शटर अर्धं वर. ओंडके स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. तीन आठवड्यांत वजन आठ टक्के उतरलंय. उत्तम प्रगती.

या वेळी नळी वरपर्यंत ठासून भरली. जास्त लाकूड, जास्त आच. अप्पा मागून काहीतरी म्हणत होते, नळी इतकी भरू नये, खालून वारा जायला जागा हवी, असं काही. मी म्हटलं, अप्पा, थंडीत उभे राहू नका, आत जा, झालं की हाक मारतो. ते थोडा वेळ तिथेच उभे राहिले, मग गेले.

धूर या वेळी तपकिरी. शटरखालून निघाला आणि जमिनीलगत सरकत प्रिचर्डांच्या बागेत गेला. मिसेस प्रिचर्डने दोरीवर चादरी घातल्या होत्या. पांढऱ्या.

पाणी २२ अंश. गेल्या वेळेपेक्षा तीनने जास्त. दिशा बरोबर आहे.

सोमवार, ३१ ऑक्टोबर

क्लिनिकमध्ये एक जुना खाणकामगार आला होता. फुफ्फुसं कोळशाने भरलेली. मी त्याला घरात शेकोटी लावत जाऊ नका म्हणून सांगत होतो. तो म्हणाला, डॉक्टर, तुमच्या कोटाला किपरचा वास येतोय. धुरावलेली मासळी. नर्स खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. कोट ड्रायक्लीनला दिला.

संध्याकाळी घरी कौन्सिलची बाई. मागच्या गल्लीतून कोणीतरी तक्रार केली म्हणे. क्लिपबोर्ड घेऊन सोफ्यावर बसली. घरात गरम पाणी येत नाही का, असं विचारलं. मी म्हटलं, येतं. तिने लिहून घेतलं. मग हे कशासाठी. आंघोळीसाठी. तेही लिहून घेतलं. व्यवसाय विचारला. सांगितला. तिने पेन थांबवून परत विचारला. जाताना एक पत्रक दिलं, धूर आणि तुमची फुफ्फुसं. पत्रक माझ्या ओळखीचं आहे. दुसऱ्या पानावरचा मजकूर मीच लिहून दिला होता.

पुन्हा धूर दिसला तर नोटीस येईल. म्हणजे आता प्रश्न फक्त धूर दिसण्याचा आहे.

शनिवार, ५ नोव्हेंबर. संध्याकाळी

आज बॉनफायर नाइट. सगळ्या कार्डिफमध्ये शेकोट्या. आज माझा धूर कोणाच्या लक्षात येणार. हा दिवस मी विचारपूर्वक निवडला.

पाऊस. तरी लोकांच्या शेकोट्या धडधडून पेटल्या होत्या. माझी पेटेना. फुंकून फुंकून मला चक्कर आली. शेवटी किचनमधून साजूक तुपाच्या दोन बरण्या आणून नळीत ओतल्या. होमात घालतात, मग बंबात का नाही.

ज्वाला. तीन फूट. दहा मिनिटं मी आणि शिल्पा बघत राहिलो. काळ्या भुरभुरीत पाकळ्या वर उडाल्या आणि शांतपणे खाली आल्या, आमच्या डोक्यावर, गाडीवर, गॅरेजच्या छतावर. पाणी ३१ अंश. रेकॉर्ड.

ते तूप बेसनाच्या लाडवांसाठी कढवलं होतं. हे मला आधी सांगायला हवं होतं. सुलक्षणा म्हणते, बरणीवर चिठ्ठी होती.

फॉर्म बाहेर काढून ठेवला. अप्पांचं पेनही भरून ठेवलं. शाई वाळायला नको म्हणून टोपण घट्ट लावलं.

मंगळवार, ८ नोव्हेंबर. नरकचतुर्दशी

पहाटे ४.३०. उठलो. बाहेर दोन अंश. प्रसन्न वाटतंय.

४.५०. पेटवला. एक नवी युक्ती. धूर दिसता कामा नये म्हणून नळीवर झाकण ठेवलं. धूर बाहेर पडायला वाट नाही म्हणजे धूर नाही.

५.१०. अप्पा आले. पंचा नेसून गॅरेजच्या सिमेंटवर पाटावर बसलेत. सुलक्षणाने तेल लावलं, मग उटणं. शिल्पा ब्लँकेट पांघरून बघतेय. पाणी १६.

५.३०. १८. अप्पा म्हणाले, झाकण. मी म्हटलं, ते कौन्सिलसाठी आहे.

५.५०. झाकणाखाली काहीच होत नाहीये. हवेशिवाय विस्तव जगत नाही. हे मला माहीत होतं. पुस्तकात अधोरेखित केलंय. झाकण काढलं. तासभर कोंडलेला धूर एकदम बाहेर आला, हवा लागताच पेटला, मोठा भपका झाला आणि नळीतली सगळी काजळी उडून खाली बसली. अप्पांवर. अंगाला तेल होतं, त्यामुळे चिकटली.

शिल्पा हसली. मग तिने ब्लँकेट तोंडावर ओढून घेतलं. अप्पा डोळे मिटून बसून होते. पापण्यांवर सुद्धा काळं.

६.१०. २४ अंश. त्या पाण्याने आंघोळ घालणं शक्य नव्हतं. किचनमधून इलेक्ट्रिक केटलचं उकळतं पाणी तीनदा आणून बादलीत ओतलं. अप्पांची पाठ होती, त्यांना दिसलं नाही. केटलचं बटण टक करून बंद होतं, तो आवाज गॅरेजपर्यंत येतो हे माझ्या लक्षात आलं नाही.

अप्पा कुडकुडत होते. म्हणाले, छान होतं रे पाणी. नंतर वर जाऊन नळाखाली दोनदा आंघोळ केली तेव्हा काजळी सुटली.

फराळ झाला. लाडवांशिवाय. आज फॉर्म काढला नाही. वातावरण योग्य नव्हतं.

गुरुवार, १० नोव्हेंबर

अप्पांना खोकला. ताप १०१. स्टेथोस्कोप लावला. डाव्या बाजूला खाली बारीक चरचर. हजारो छात्यांत हा आवाज ऐकलाय आणि पुढे काय करायचं ते मला पाठ आहे. आज मात्र तीच जागा चार वेळा तपासली. मी केलं हे. दुसरं कोणी नाही.

अँटिबायोटिक सुरू केलं. पूर्ण बेड रेस्ट. खुर्चीत सुद्धा बसायचं नाही. बंब गॅरेजच्या कोपऱ्यात उलटा ठेवला. विषय संपला.

रविवार, १३ नोव्हेंबर

ताप उतरला. छाती जवळजवळ साफ. बेड रेस्ट चालू ठेवायला सांगितलं. फॉर्म उशाशी ठेवला. आजारपणात माणसाला कळतं की जवळ डॉक्टर मुलगा असणं म्हणजे काय.

अप्पा म्हणाले, शशी, जरा बस. मी बसणारच होतो, तेवढ्यात कमरेचा हॉस्पिटलचा ब्लीप वाजला.

मंगळवार, १५ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.००

आज क्लिनिक लवकर आटोपलं, साडेचारला घरी. अप्पा बिछान्यात नव्हते. खिडकीतून पाहिलं तर मागच्या बागेत अप्पा, शिल्पा आणि मिस्टर प्रिचर्ड. मध्ये बंब. धूर अजिबात नव्हता. बरं वाटलं, म्हटलं नशीब, पेटवलेला नाही.

बाहेर जाऊन तोटीला हात लावला. बोटं भाजली. फोड आलाय. डाव्या हाताने लिहितोय.

शिल्पाकडून हिस्टरी घेतली. प्रिचर्डांच्या शेडमध्ये दहा वर्षांपूर्वीची मोडकी कबुतरांची खुराडी पडली होती. अप्पांनी ती फोडली. लाकूड हातात घेऊन एकमेकांवर आपटायचं, टणक वाजलं तर वाळलेलं, असं तिला शिकवलं. बोटाएवढ्या ढलप्या केल्या. नळी अर्धीच भरली, खाली राखेच्या तोंडाशी हवेला जागा ठेवली. पेपरचं एक पान, एक काडी. पहिली दोन मिनिटं थोडा धूर, मग बंद. नळीवर नुसती हवा थरथरत होती म्हणे. पंधरा मिनिटांत पाणी उकळलं. दुसरा घाणा तिने स्वतः लावला. मी पण बंब पेटवली, असं तीनदा म्हणाली. मी दुरुस्त केलं नाही. सुचलंच नाही.

प्रिचर्डांनी बघून सांगितलं की असा फायरमन त्यांना इंजिनावर हवा होता. एक बादली पाणी पाय शेकायला घरी नेलं. मिसेस प्रिचर्डने केक पाठवला. म्हणजे चादरींचं मिटलं.

अप्पांच्या बाह्या कोपरापर्यंत वर. कपाळावर घाम. शिल्पाला सांगत होते की आम्ही पाच जण कुठल्या क्रमाने आंघोळीला जायचो, मी कसा सगळ्यांत शेवटी उठायचो. इतकं बोलताना मी त्यांना सहा महिन्यांत पाहिलं नव्हतं. पल्स घेतला. नॉर्मल. छाती तपासली. स्वच्छ.

मग मी रागावलो. पाच दिवसांपूर्वी ताप, आणि थंडीत कुऱ्हाड. मुलीच्या हातात कुऱ्हाड. प्रिचर्डांची आहे, तरी काढून घेतली आणि गॅरेजमध्ये गवताच्या मशीनशेजारी कुलपात ठेवली. प्रिचर्ड घरी गेले. शिल्पा वर निघून गेली. अप्पांनी बाह्या खाली केल्या आणि बटणं लावली.

७.१५

उरलेल्या पाण्याने मी आंघोळ केली. फार छान पाणी होतं. हे कोणाला सांगितलं नाही.

बुधवार, १६ नोव्हेंबर

आता तंत्र कळलं. रात्री नवी योजना आखली. रोज पहाटे पाचला मी उठणार, ढलप्या मी करणार, बंब मी पेटवणार. अप्पांनी फक्त पाटावर येऊन बसायचं. काडीलाही हात लावायचा नाही. सकाळी उत्साहाने सगळं सांगितलं. शेवटी फॉर्म पुढे केला.

अप्पा म्हणाले, नको रे शशी. मी जातो शनिवारी.

सहा महिन्यांत पहिल्यांदाच नाही म्हणाले. मला वाटलं पेन नीट चालत नाही. दुसरं दिलं.

शनिवार, १९ नोव्हेंबर. रात्री ९.३०

हीथ्रोहून परत आलो. बंबही गेला, लगेजमध्ये. काउंटरवरच्या मुलीने काय आहे विचारलं, अप्पांनी तिला व्यवस्थित समजावून सांगितलं. ती हसली आणि वर फ्रॅजाइल चिकटवलं.

आत जाण्याआधी मी विचारून टाकलं, अप्पा, माझ्याकडे कशाची कमी होती.  म्हणाले, कमी कशाचीच नाही. तू फार बघतोस माझं. पेशंटला बघावं तसं बघतोस. पण मला अजून हात आहेत रे. मग विचारलं, तू काही खाल्लंस का. आणि पिशवीतला प्रिचर्डबाईंचा केक काढून माझ्या हातात दिला.

मला फार वाईट वाटलं. M4 मोटरवेवर रीडिंगपर्यंत ते गेल्याचं वाईट वाटत होतं. रीडिंगनंतर ते जे बोलले त्याचं. वाटेत एकदा गाडी बाजूला घेऊन थांबलो.

सुलक्षणा म्हणाली, एकदा त्यांना पेटवू द्यायचा होता. मी म्हटलं, माझ्या मनात तेच होतं.

रविवार, २७ नोव्हेंबर. सकाळी ११.००

पुण्याला फोन लागला. नंदाने घेतला. अप्पा ठणठणीत. तिचा गीझर बंद आहे, कारण अप्पा पहाटे पाचला बंब पेटवतात. खालच्या मजल्यावरचे दोघे आपापल्या बादल्या आणून ठेवतात.

मी तिला बजावलं. त्यांना थंडीत उभं राहू देऊ नकोस. वजन उचलू देऊ नकोस. कुऱ्हाड हातात देऊ नकोस, लाकडं फोडायला माणूस ठेव. ती बरं बरं म्हणाली. मी म्हटलं, अप्पांना दे. तिने हाक मारली. परत येऊन म्हणाली, कामात आहेत, पत्र टाकतो म्हणाले.

थांबतो म्हटलं. लाइन चालू होती. मागे अंगणात लाकूड फोडल्याचा आवाज येत होता. टणक, कोरडा. अगदी वाळलेलं लाकूड. आता मलाही आवाजावरून ओळखता येतं. नंदाला म्हटलं, अप्पांना एवढं सांग. ती केव्हाच रिसीव्हर तसाच बाजूला ठेवून निघून गेली होती.